गौरींबरोबर न गेलेला गणपती

नदीकाठी ढोलांचा सराव सुरू झाला की माझा हात आपोआप खिशात जातो आणि घराची किल्ली चाचपून पाहतो. गेल्या आठवड्यात ऑफिसातून परतताना पुलाच्या तोंडाशी सिग्नलला थांबलो होतो, तेवढ्यात खालून पहिला ठोका आला. शेजारचा रिक्षावाला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "झालं सुरू! आता महिनाभर डोकं उठणार." मी किल्ली चाचपली. किल्ली होती. सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न वाजवून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मी हडपसरपासून बरोबर आणलेला सगळा शीण घेऊन नारायण पेठेत शिरलो.

किल्लीचं हे वेड तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातलं आहे. त्या भाद्रपदापासून पौषापर्यंत आमच्या घराला कुलूप लागलं नाही. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लटकत राहिली, तिच्यावर धूळ बसली, एकदा तर कोळ्याने तिच्यापासून दाराच्या चौकटीपर्यंत जाळं विणलं. कारण घरात गणपती होता आणि गणपती घरात असताना घर बंद करून कोणी जात नाही. दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा दिवस हे कोणीही पाळतं, त्यात काही वाटत नाही. आमचा गणपती थंडी पडली तरी बसलेलाच होता.

काही घरांत अशी पद्धत आहे की घरातली बाई गरोदर असेल तर त्या वर्षी गणपतीचं विसर्जन करत नाहीत. बाळ होईपर्यंत त्याला बसवून ठेवतात, रोज पूजा, रोज नैवेद्य, रोज आरती. आमच्या घरात ती पद्धत होती, पण मी जन्मल्यापासून तिची वेळ आली नव्हती. लहानपणी आई सांगायची की माझ्या वेळी गणपतीने दिवाळीचा फराळ खाल्ला होता. मला ती गंमत वाटायची. बाप होण्याच्या वाटेवर आपल्यालाही तिच्यात बसवतील असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

मुक्ताला पाचवा महिना होता. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात थोडं रक्त गेलं, आम्ही धावत डॉक्टरबाईंकडे गेलो आणि कळलं की बाळाची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "जिना नाही, ओझं नाही, धावपळ नाही. पडून राहायचं. बाळ जितके दिवस आत राहील तितकं चांगलं. लवकर यायला नको, एवढंच आपण बघायचं."

"आणि मी काय करायचं?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही? तुम्ही शांत राहायचं."

इतकं अवघड काम मला ऑफिसातही कोणी दिलेलं नव्हतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. त्या दिवशी मुक्ता प्रत्येक वळणावर बसत बसत वर आली, पलंगावर आडवी झाली आणि मग जिना तिच्यासाठी संपला. आईने पलंग सरकवून असा लावला की दार उघडं ठेवलं तर आतून हॉल दिसावा. हॉलमध्ये दोन दिवसांनी टेबलावर गणपती बसला. शाडूची, वीतभर उंचीची मूर्ती, पिवळं पितांबर, एक हात आशीर्वादाचा. पलंगावरून मुक्ताला तो समोर दिसायचा, गणपतीला मुक्ता दिसायची, आणि मी दोघांच्या मधून दिवसभर पाण्याचे ग्लास नेत असायचो.

हा सगळा आईचा हट्ट असणार असं नातेवाइकांना वाटायचं. खरं तसं नव्हतं. गौरी जायच्या दिवशी आई स्वतःच म्हणाली, "पद्धत आहे खरी आपल्याकडे. पण चार-पाच महिने रोजचं सगळं कोण करणार? तिचं पाहायचं, तुझं ऑफिस, माझे गुडघे. मी देवाला हात जोडून सांगते, या वेळी समजून घे. गौरींबरोबर जाऊ दे." तिने दहीसुद्धा वाटीत काढून ठेवलं होतं. निरोपाच्या वेळी मूर्तीच्या तळहातावर दही ठेवतात, त्यासाठी.

आतून मुक्ता म्हणाली, "आई, गणपती हलवायचा नाही."

आई आणि मी दोघंही दारात गेलो. मुक्ता शाळेत विज्ञान शिकवते. घरात कोणी मांजर आडवं गेल्याचं बोललं तर ती मांजराची बाजू घेते.

"अगं, तू विज्ञान शिकवतेस," मी म्हणालो.

"शाळेत शिकवते. इथे मी झोपले आहे."

आईने दह्याची वाटी उचलून फ्रिजमध्ये ठेवली. तिघांनाही आदलं वर्ष आठवलं होतं. आदल्या वर्षीच्या गणपतीत मुक्ताला नुकतेच दिवस गेले होते. इतके नुकते की आम्ही दोघांनी आईलाही सांगितलं नव्हतं. गौरी गेल्या, गणपती गेला, मुक्ता स्वतः आरतीचं तबक घेऊन नदीकाठच्या हौदापर्यंत आली होती, मोठमोठ्याने मोरया म्हणत होती. पंधरवड्याने सगळं संपलं. डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं की यात कोणी काही केल्याने किंवा न केल्याने फरक पडला नसता, असं होतं, पुष्कळ जणींचं होतं. मुक्ताने तेच चित्र आईला काढून दाखवलं, तितक्याच स्वच्छ शब्दांत. ते शब्द तिला पटलेलेही होते. पण पटलेली गोष्ट आणि पलंगावर पडल्यापडल्या छताकडे बघताना मनात येणारी गोष्ट यांची एकमेकींशी ओळख नसते, हे मला त्या वर्षी समजलं.

मग अनंत चतुर्दशी आली. मिरवणुकीच्या दिवशी पेठेत गाडी येत नाही आणि पेठेतून जात नाही. एरवी आम्हाला त्याचा केवढा अभिमान! लांबचे पाहुणे आमच्या गॅलरीत उभं राहायला मिळावं म्हणून आधीपासून गोड बोलायला लागतात. त्या वर्षी मात्र मी सकाळी खाली जाऊन मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं आणि विचारलं, समजा गरज पडलीच तर अँब्युलन्स आत कशी येईल?

"दादा, टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "तुम्ही नुसता फोन करा. ढोल थांबवून वाट करतो. दर वर्षी करतो."

करतात हे मला माहीत होतं. गर्दी दुभंगून अँब्युलन्स जाताना मी स्वतः टाळ्या वाजवल्या आहेत. पण टाळ्या वाजवणारा वेगळा आणि आत बसणारा वेगळा. दिवसभर मी गॅलरी आणि पलंग यांमध्ये येरझारा घालत होतो. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. समईची ज्योत हलत होती. दुपारी मुक्ताने एकदम माझा हात धरून पोटावर ठेवला. "हललं! बघ, हललं!" मी हात ठेवून थांबलो, डोळे मिटले, पण ढोलांनी भिंती हलत होत्या, पलंग हलत होता, माझे दातसुद्धा हलत होते. त्यात बाळाचं हलणं कोणतं हे मला काही ओळखता आलं नाही. मी "हो, हो" म्हणालो. तिला कळलं असावं, पण ती हसली. संध्याकाळपासून खाली एकच गजर चालू होता, पुढच्या वर्षी लवकर या. मुक्ताने मला खिडकी लावायला सांगितली. आवाजाचा त्रास होत असेल असं समजून मी खिडकी लावली, वर पडदाही ओढला.

दुसऱ्या दिवशी शहरातले सगळे गणपती गेले. रस्त्यावर गुलाल, चपला आणि चिखल राहिला. मांडव उतरले. आमच्या घरात मात्र सकाळी समई लागली, जास्वंदीचं फूल आलं, आरती झाली. घंटेचा आवाज इतका एकटा वाटला की मी ती हळू वाजवली, जणू शेजाऱ्यांपासून काही लपवायचं होतं.

लपलं अर्थातच नाही. आमच्या खालच्या मजल्यावर लिमये काका राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त, बायको गेल्यापासून एकटेच. देव या विषयावर त्यांचं मत पक्कं आहे आणि ते कोणी न विचारता सांगतात. नवरात्र उजाडलं तेव्हा जिन्यात भेटून म्हणाले, "काय निखिल, वरचा भाडेकरू अजून आहे का?"

"आहे काका."

"करार केला होतास? पेठेत असं तोंडी विश्वासावर कोणाला बसवायचं नसतं. मागच्या इमारतीत एक असाच बसला. आता त्याचा नातू वकील आहे."

माझं ऑफिस घरी आलं होतं. कंपनीने परवानगी दिली, त्याबद्दल सगळे मला नशीबवान म्हणायचे. हॉलमध्ये एकच जागा होती जिथून मुक्ताची हाक ऐकू येईल, आणि ती नेमकी गणपतीसमोर होती. व्हिडिओ कॉलवर माझ्या खांद्यामागे समई, मखर आणि सोंड दिसायची. टीममध्ये नव्याने आलेली मुलगी एकदा म्हणाली, "सर, तुमचा बॅकग्राउंड ऑसम आहे. पण आता दिवाळीचा टाका ना!" तो खरा आहे, असं मी म्हटल्यावर तिने घाईने स्वतःचा माइक बंद केला. मग मॅनेजरने पुढचा मुद्दा घेतला.

पूर्वी मी दर रविवारी सकाळी सिंहगड चढायचो. त्या महिन्यांत आमच्या इमारतीचा जिना चढलो. दूध, औषधं, दुर्वा, पुन्हा दूध. फुलवाल्या मावशी मला बघून आधीच पुडी बांधून ठेवायच्या. आई स्वयंपाक, नैवेद्य आणि मुक्ताचं अंग पुसणं यांत गुंतलेली. ती देवळात गेली तर मी घरात, मी खाली गेलो तर ती घरात. दोघांनी मिळून कुठे जायचा प्रश्नच नव्हता. रविवारी मित्र गडावरच्या पिठलं-भाकरीचे फोटो पाठवायचे आणि खाली लिहायचे, मिस यू. मी अंगठा दाखवायचो आणि फोन पालथा ठेवायचो.

बाप होण्याची तयारी कशी करायची याबद्दल इंटरनेटवर पुष्कळ माहिती आहे. पाळणा कुठला घ्यावा, भिंतींना रंग कुठला द्यावा, खोली कशी सजवावी. आमच्याकडे बाळ येण्याआधी नवी वस्तू घरात आणत नाहीत. झबलंसुद्धा नाही. आईने तिच्या जुन्या मऊ सुती साड्या काढल्या आणि त्यांची दुपटी शिवली, तीही कोणी आलं की उशीखाली सरकवायची. म्हणजे मला आणायला काही नव्हतं, जोडायला काही नव्हतं, रंगवायला काही नव्हतं. घरभर फिरून मी पुन्हा गणपतीसमोरच येऊन बसायचो. एकदा काका वर्तमानपत्र द्यायला आले, मी नैवेद्य दाखवत होतो. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "वेळेवर जेवायला घालायचं, एकटं सोडायचं नाही, आणि त्याला काय हवं ते तो सांगणार नाही. तुझी तालीम बरी चालली आहे." मला तेव्हा हसू आलं नाही. रागच आला.

राग मला गणपतीचाही यायचा. सकाळी गंध उगाळताना वाटायचं, तू जा बाबा आता. सगळे गेले, तू एकटा काय बसला आहेस? हे मनात आलं की मी लगेच कान पकडायचो, कारण गणपती जाण्याचा एकच मार्ग होता, बाळ होणं. आणि बाळ आज झालं तर ते फार लहान होतं. म्हणजे मला सुटका हवी असं नुसतं वाटलं, तरी मी माझ्याच मुलाच्या वाईटावर उठल्यासारखं व्हायचं. तुरुंगातल्या माणसाला निदान सुटण्याची स्वप्नं बघता येतात. मला तीही बघायची चोरी होती. आत बाळ अडकून राहावं, पलंगावर मुक्ता अडकून राहावी, टेबलावर गणपती अडकून राहावा आणि मी सगळ्यांच्या मध्ये अडकून राहावं, हीच माझी रोजची प्रार्थना होती. ती मी मनापासून करत होतो आणि तिच्यात माझा जीव गुदमरत होता.

मुक्ताचं काय होत असेल हे मी तिला एकदाच विचारलं. ऑक्टोबरच्या उन्हाने गच्ची तापली होती, पंखा गरम वारा फिरवत होता. ती कुशीवर वळून म्हणाली, "मला शाळेतल्या फळ्याचा वास आठवतो. खडूचा नाही, ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा." थोड्या वेळाने म्हणाली, "तुला पळून जावंसं वाटतं का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"मला वाटतं," ती म्हणाली. "पण मी गेले तर बाळही बरोबर येईल."

दिवाळीत गणपतीसमोर फराळाचं ताट ठेवलं. गॅलरीत आकाशकंदील लागला. पाहुणे आले, गणपतीला बघून गोंधळले, मग समजून "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि पलंगाकडे बघून आवाज खाली आणला. लोक आमच्या घरात आपोआप हळू बोलायला लागले होते. आजारी माणसाच्या घरात बोलतात तसं.

आणि मग मार्गशीर्षात, थंडी कोरडी पडली तेव्हा, मला भेग दिसली. शाडूची मूर्ती दहा-पंधरा दिवसांसाठी घडवलेली असते, इतके महिने उभं राहणं तिच्या नशिबात नसतं. आशीर्वादाच्या हाताच्या मनगटावर केसासारखी एक रेघ उमटली होती. मी बोट फिरवून पाहिलं. धूळ नव्हती, भेगच होती. माझ्या हातातलं फूल खाली पडलं. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, ती विसर्जित करावी लागते. आणि विसर्जन आत्ता करायचं म्हणजे... पुढचा विचार मी केला नाही. मी झेंडूची जाड माळ अशी घातली की मनगट झाकलं जाईल. त्या दिवसापासून फुलवाल्या मावशींकडे मी मोठा हार मागायला लागलो. "देव पावला वाटतं!" त्या म्हणाल्या.

आईला दिसू नये म्हणून पूजा मीच करणार असा हट्ट धरला. तिला कौतुक वाटलं. रोज सकाळी मी हार दोन्ही हातांनी, मनगट चुकवत उतरवायचो. भेग वाढत होती. शेवटी एकदा लिमये काकांनीच हाराखालून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "हात निखळतोय याचा." मी ओठांवर बोट ठेवलं आणि पलंगाकडे खूण केली. ते खाली गेले आणि पांढऱ्या डिंकाची बाटली व रंगाचा जुना ब्रश घेऊन आले. आम्ही दोघांनी, एक नास्तिक आणि एक घाबरलेला, श्वास रोखून देवाच्या मनगटात डिंक भरला. काकांनी तो हात दोन बोटांनी बराच वेळ धरून ठेवला. डॉक्टर नाडी बघतात तसा. "चिकटला," ते पुटपुटले. "पण जास्त ताण देऊ नका त्याला. त्याचंही वय झालं."

संक्रांत जवळ आली होती. दुपारची वेळ, आई तीळ भाजत होती, घरभर खमंग वास पसरला होता. डॉक्टरबाईंनी ऑपरेशनची तारीख दिली होती, ती अजून लांब होती. मी कॉलवर होतो. मुक्ताने हाक मारली. मोठ्याने नाही, नेहमीच्याच आवाजात, "निखिल." त्या आवाजातच सगळं होतं. मी आत गेलो तर चादर लाल झाली होती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आईने गॅलरीतून तळमजल्यावरच्या छापखान्यात हाक मारली, तिथले दोघे शाईचे हात पुसत धावत वर आले. आम्ही मुक्ताला हात असलेल्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. मागून आई बॅग घेऊन. तीळ गॅसवर तसेच, नंतर कोणी गॅस बंद केला देव जाणे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची एकदम अडली. मला वाटलं भिंतीला लागली. पाहिलं तर मुक्ताने जिन्याचा कठडा घट्ट धरला होता.

"गणपतीपाशी कोण आहे?"

कोणीच नव्हतं.

"आई थांबतील," मी म्हणालो.

"आई मला हव्यात."

"मग मी कुलूप लावून..."

"कुलूप नाही लावायचं." तिचे ओठ पांढरे पडले होते, कठड्यावरची बोटंही. "त्याला एकटं ठेवून मी जाणार नाही."

मी तिची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. सुटेनात. छापखान्यातले दोघे खुर्ची तोलून उभे होते, त्यांच्या दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. मला रडू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं. इतके महिने मी ज्या घरातून सुटायची वाट बघत होतो, तिथून एक मजला खाली येऊन आम्ही पुन्हा अडकलो होतो. तेवढ्यात काकांचं दार उघडलं. बनियन, लेंगा, हातात वर्तमानपत्र.

"मी जातो वर," ते म्हणाले.

मुक्ताने त्यांच्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही मानत नाही."

"मानायचं कशाला? बसायचंच आहे ना? मला बसता येतं."

आणि ते खरंच वर निघाले. आमच्याकडे न बघता, एक एक पायरी. मुक्ताने कठडा सोडला.

मुलगी झाली. छोटीशी, डॉक्टरबाईंच्या दोन तळव्यांत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. काचेच्या गोल भोकातून हात घालून मी तिला स्पर्श केला तेव्हा तिने माझं बोट धरलं नाही, काही नाही, फक्त पाय जरासा हलवला. या वेळी ते हलणं मला नक्की ओळखता आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे न्यायला घरी आलो. दार उघडं होतं. समई जळत होती. काका खुर्चीत ताठ बसले होते, डोळे लाल.

"मुलगी," मी म्हणालो. "दोघी ठीक आहेत."

"छान." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "यात झोपलं तर चालतं का, हे विचारायचं राहिलं होतं. म्हणून झोपलो नाही."

बाळ झालं की घरच्यांना दहा दिवस सोयर असतं, देवाला हात लावत नाहीत. गणपतीची पूजा कोण करणार हा नवा पेच आईला पडला. काकांनी तो सोडवला. "सोयर मला लागत नाही. मला काहीच लागत नाही," असं म्हणून ते रोज आंघोळ करून वर यायचे, फूल वाहायचे, आईने दारातून सांगितलेले मंत्र सोडून बाकी सगळं करायचे. हार मात्र मोठाच घालायचे, न सांगता.

मुलगी पेटीतून बाहेर आली, घरी आली, दुपट्यात गुंडाळून बारसं झालं. मग गणपतीला निरोप द्यायचा दिवस ठरला. नदीकाठचे हौद केव्हाच उचललेले होते. गॅलरीत मोठा टब पाण्याने भरला. ना ढोल, ना गुलाल. खाली छापखान्याच्या यंत्राचा खडखडाट आणि कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. आईने उत्तरपूजा केली, मूर्ती जागेवरून किंचित हलवली. इतके महिने न हललेल्या मूर्तीखालचं टेबल वेगळ्याच रंगाचं निघालं. आईने तळहातावर दही ठेवलं. मी त्या मनगटाकडे बघत होतो. हात टिकला.

मुक्ता बाळाला घेऊन गॅलरीच्या दारात आली. इतक्या महिन्यांत तिला त्या दारात उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

"ती भेग किती मोठी झाली, बघू," ती म्हणाली.

काकांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मी दिवसभर दुसरं काय बघत होते?"

मी मूर्ती उचलली. वाटलं होतं त्यापेक्षा हलकी होती. आईने हात जोडले. "गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी..."

"लवकर नको," मुक्ता म्हणाली.

आई थांबली. मिरवणुकीच्या संध्याकाळी मी लावून घेतलेली खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली.

"वेळेवर या म्हणा," मुक्ता म्हणाली.

सगळ्यांत आधी बोलले ते लिमये काका. घसा खाकरून, सोसायटीच्या फलकावरची सूचना वाचून दाखवावी तसे, "पुढच्या वर्षी वेळेवर या." मग आई म्हणाली. मग मी. मुलगी झोपेतच होती. मी वाकून मूर्ती टबात सोडली. पौषातलं पाणी गार होतं, पण ती तळाला टेकेपर्यंत मी हात बाहेर काढले नाहीत.